तापाच्या रजेचा रकाना

२०२१ च्या मे महिन्यात मी आमच्या हजेरीपत्रकात एक नवा रकाना आखला: तापाची रजा. त्याचा मला अजूनही थोडा अभिमान आहे. पण तो वाचताना मी जी चूक केली, ती डोक्यातून जात नाही.

इंदूरच्या एका स्वयंसेवी संस्थेत मी हिशेब आणि आस्थापना बघतो. आस्थापना म्हणजे पगारपत्रकापासून पाण्याच्या कॅनपर्यंत सगळं. मालवा मिल, परदेशीपुरा, बाणगंगा या पट्ट्यातल्या वस्त्यांत आमची पाळणाघरं आणि बायकांच्या आरोग्याचं काम. माणसं ४३. त्यांतली १७ पगारावर, बाकी २६ मानदेयावर. हा फरक बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. मानदेयावरची कार्यकर्ती जितके दिवस घरभेटी करेल तितक्या दिवसांचे पैसे, दिवसाला अडीचशे. घरभेटीचा फॉर्म नाही तर व्हाउचर नाही, व्हाउचर नाही तर पैसे नाहीत. रजा हा शब्दच नाही. आणि आम्ही वस्तीत जाऊन मजूर बायकांना हक्काच्या रजेवर शिबिरं देतो!

करोनाची लस आली तेव्हा १६ जानेवारीपासून दवाखान्यातल्या लोकांना, फेब्रुवारीत पोलीस आणि निगमवाल्यांना, म्हणजे महापालिकेच्या लोकांना. २०२० मध्ये घरोघर सर्व्हे करत फिरलेल्या आमच्या बायका कुठल्याच यादीत बसल्या नाहीत. एप्रिलमध्ये सरकारनं कामाच्या जागी लसीकरणाची सोय काढली, पण पंचेचाळिशीपुढचे साधारण शंभर लोक हवेत. आमच्याकडे १४. मी आणखी सहा संस्थांना फोन करून शंभराची मोळी बांधायला घेतली. मोळी होईपर्यंत दुसरी लाट आली आणि ते सहाही जण मलाच फोन करून ऑक्सिजनचा सिलिंडर कुठे मिळेल ते विचारू लागले.

पैशाचं सांगतो, कारण ते कोणी लिहीत नाही. २०२० च्या सप्टेंबरात परदेशी देणग्यांचा कायदा, एफसीआरए, बदलला. एफसीआरएच्या पैशातून प्रशासकीय खर्च आधी ५० टक्क्यांपर्यंत चालायचा, तो २० वर आला. शिवाय प्रत्येक संस्थेनं दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं काढायचं, ३१ मार्च २०२१ च्या आत. आमचे कागद फेब्रुवारीतच गेले होते. खातं काही उघडेना. एक एप्रिलपासून जुन्या खात्यात एक पैसा घेता येत नव्हता. मुदत वाढल्याचं पत्रक निघालं ते १८ मे रोजी. मधले सात आठवडे म्हणजे नेमके ते सात आठवडे, ज्यांत इंदूरला स्मशानात रांगा होत्या. फंडर ईमेलवर विचारत होते, 'तुम्ही सगळे सुखरूप आहात ना?' आणि त्यांचेच पैसे आम्हाला घेता येत नव्हते. एप्रिलचा पगार मी तीन हप्त्यांत केला.

अशात आमच्या कार्यक्रम समन्वयकानं 'लस घ्या, सेल्फी पाठवा' अशी मोहीम काढली. मुलगा चांगला, एमएसडब्ल्यू झालेला, पण त्याला प्रत्येक दुखण्यावर पोस्टर हा एकच उपाय शिकवलेला. सेल्फी आले नऊ. मी मानदेय वाटायला बसलो तेव्हा एकीला विचारलं, सुईची भीती वाटते का हो? ती म्हणाली, "काका, लस फुकट आहे, ताप पाचशेला पडतो."

दोन दिवस अंग मोडून पडायचं म्हणजे दोन दिवस घरभेट नाही, म्हणजे पाचशे रुपये गेले. इतका साधा हिशेब, आणि तो हिशेबनीसाला सुचू नये.

मग मी तापाची रजा काढली. परदेशी निधीतून ती देता येईना, कारण काम झालेलं नाही, मग कार्यक्रमाचा खर्च कसा? आणि प्रशासकीय खर्चात टाकावी तर तिथे २० टक्क्यांचं झाकण. शेवटी दिवाळीच्या फराळविक्रीतून उरलेल्या पैशातून ती दिली. चकल्या आणि अनारशांवर लसीकरण झालं म्हणा ना. संस्थेच्या प्रमुख मॅडमनी सही केली, पण म्हणाल्या, "उद्या सर्दीची मागतील." आमच्या मॅडम देशभर परिषदांत बोलतात. फार छान बोलतात.

रकाना भरू लागला. डोस, तारीख, मग एक दिवस किंवा दोन दिवस. सप्टेंबरच्या मध्याला ४३ पैकी ४३ जणांचा पहिला डोस प्रमाणपत्रासह फायलीत होता. फक्त एका नावापुढे तापाच्या रजेचा रकाना कोरा होता.

त्या आमच्या वहिनी. सगळी संस्था त्यांना वहिनीच म्हणते. वय ४१, सासरे मिलमध्ये होते, घरात मराठी, गल्लीत मालवी, ऑफिसात हिंदी. वस्तीत त्या बोलायला लागल्या की बायका हातातलं काम टाकून ऐकतात. वहिनी उपदेश करत नसत. ओट्यावर बसून लसूण सोलू लागायच्या, आणि अर्ध्या तासानं ती बाई स्वतःच विचारायची, सेंटर कितीला उघडतं? आधीच मूल राहायची मारामार, त्यात लशीनं आणखी बिघडेल असं म्हणणाऱ्या एका सासूला त्यांनी सुनेसकट रांगेत उभं केलं होतं. एकट्या वहिनींच्या घरभेटींतून दोनशेवर डोस झाले असतील.

१६ सप्टेंबरला, गुरुवारी, मासिक बैठक होती. दुसऱ्या दिवशी राज्यभर लसीकरणाचा मोठा दिवस. मी उठून रकाना वाचून दाखवला आणि म्हणालो, "वहिनींकडे बघा. लस घेतली आणि एक दिवस घरी बसल्या नाहीत. याला म्हणतात निष्ठा." टाळ्या झाल्या. वहिनी खाली बघत राहिल्या. मला वाटलं, संकोच.

संध्याकाळी मी कपाट बंद करत होतो. वहिनी खिरापतीचा डबा घेऊन आल्या. घरी गणपती होते. डबा टेबलावर ठेवला आणि उभ्याच राहिल्या.

"काका, मी लस घेतलेली नाही."

मी म्हणालो, "वहिनी, तुमचं सर्टिफिकेट आहे माझ्याकडे." म्हणालो म्हणजे खरंच म्हणालो. तीस वर्षं कागद सांभाळल्यावर माणूस असा होतो.

झालं होतं असं. २१ जूनपासून अठरापुढच्या सगळ्यांना थेट केंद्रावर जाऊन फुकट लस मिळू लागली. त्या एका दिवसात इंदूरमध्ये दोन लाखांवर डोस दिले गेले. वहिनी वस्तीतल्या अकरा बायका घेऊन एका शाळेतल्या केंद्रावर गेल्या. पहिल्या टेबलावर आधार दाखवलं, मोबाइल नंबर दिला, नाव चढलं. अकराही जणींना खोलीत पाठवलं. स्वतःची पाळी आली तेव्हा मागच्या दारानं निघून लिंबाखाली जाऊन बसल्या. संध्याकाळी मोबाइलवर मेसेज: आपला पहिला डोस यशस्वीरीत्या झाला आहे. कोणी लबाडी केली असं मला वाटत नाही. टेबलावर एक पोरगा, समोर हजार माणसं, चढवलेली नावं एका दमात पुढे ढकलली असणार. पण एकदा ते झालं की झालं. वहिनींनी मेसेज मला पाठवला, मी प्रमाणपत्र छापून फायलीत लावलं.

"का पळालात?" मी विचारलं.

त्यांचा धाकटा दीर, वय ४८. पंचेचाळिशीपुढच्यांना एक एप्रिलपासून लस खुली झाली, त्याच आठवड्यात वहिनींनीच त्याला नेऊन टोचून आणलं. दुसऱ्या दिवशी ताप आला. वहिनी म्हणाल्या, ताप येतोच, घाबरायचं नाही. तिसऱ्या दिवशीही म्हणाल्या. चौथ्या दिवशीही. सहाव्या दिवशी श्वास लागला तेव्हा तपासणी केली. मग पलंगासाठी धावाधाव. बाराव्या दिवशी गेला.

लशीनं करोना होत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्याला आधीच लागण झाली असणार, किंवा त्या रांगेत. पहिल्या डोसाचं संरक्षण तयार व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात. हे सगळं त्या दुसऱ्यांना, दीड वर्षाच्या पोराला समजवावं तसं, समजवत होत्या. "लशीची भीती नाही वाटली हो काका," त्या म्हणाल्या. "टोचल्यावर मला ताप आला असता, आणि घरातलं कोणीतरी म्हणालं असतं, ताप येतोच. ते ऐकायचं नव्हतं."

त्या गेल्यावर मी मार्चमध्ये छापलेलं आमचं पत्रक काढलं. ए-फोर कागद, तीन घड्या, पाच हजार प्रती. 'टीके के बाद बुखार आना सामान्य है, घबराएँ नहीं।' बस, इथे पूर्णविराम. मूळ मसुद्यात पुढे एक ओळ होती: तीसरे दिन भी बुखार रहे तो जाँच कराएँ. ती मी काढली होती. फंडरचं बोधचिन्ह ठरलेल्या मापाचंच हवं होतं, मागची बाजू ओसंडत होती, आणि चौथी घडी घातली तर प्रती चाळीस पैसे वाढत होते. प्रूफावर लाल रेघ माझ्याच हातची आहे. ते प्रूफही फायलीत आहे. मी काही फेकत नाही.

शुक्रवारी सकाळी मी वहिनींना घेऊन केंद्रावर गेलो. माझी भाबडी कल्पना अशी की चूक दुरुस्त करून घेऊ. कॉम्प्युटरवरचा मुलगा म्हणाला, "अंकल, फर्स्ट तो लग गया, सेकंड ड्यू है। सेकंड ही चढ़ेगा।" मी म्हणालो, लागलाच नाही. तो म्हणाला, "सिस्टम में तो लगा है, भिया।" योगायोग बघा, कोव्हिशील्डचं अंतर ८४ दिवसांचं, आणि २१ जूनपासून ८४ दिवस १३ सप्टेंबरलाच भरले होते. सिस्टमच्या दृष्टीनं वहिनी अगदी वेळेवर आल्या होत्या.

त्यानं आधार मागितलं. वहिनींनी ते शोधायला पिशवी माझ्या हातात दिली. आत पत्रकांचा गठ्ठा. प्रत्येकावर, बोधचिन्हाच्या खाली, निळ्या बॉलपेननं: 'तीसरे दिन भी बुखार रहे तो जाँच कराओ।' मी दहा-बारा उलटून पाहिली. सगळ्यांवर. मग आठवलं, मेपासून वहिनी दोन-दोनशे पत्रकं घरी न्यायच्या आणि मी नोंदवहीत लिहायचो, 'वाटप संथ'.

मी काही बोललो नाही. आतल्या सिस्टरना मात्र मी सगळं सांगितलं, हळू आवाजात. त्यांनी कुपीतून अर्धा मिली ओढता ओढता ऐकलं. एकदा कुपी उघडली की चार तासांत दहा जण व्हायला हवेत, त्यांना गोष्टी ऐकायला वेळ नव्हता. "मेरे लिए पहला है," एवढंच म्हणाल्या आणि डाव्या दंडात टोचलं. अर्धा तास निरीक्षणाच्या खोलीत बसवलं. वहिनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. बाहेर येईपर्यंत मोबाइलवर मेसेज: दोन्ही डोस पूर्ण.

३० सप्टेंबरला फंडरला तक्ता पाठवायचा होता. 'प्रमाणपत्रानुसार' असा शब्द घालून मी पाठवला. तो शब्द मॅडमनी काढला; वाक्य लांबत होतं म्हणे. माझ्या प्रतीवर पेन्सिलीनं एक टिंब आहे. दुसरी सुई वहिनींना मिळाली ती थेट पुढच्या वर्षी, १५ जुलैपासून सगळ्या प्रौढांना ७५ दिवस प्रिकॉशन डोस, म्हणजे बूस्टर, फुकट झाला तेव्हा. कागदावर तो तिसरा आहे.

त्या शुक्रवारी रात्री दहाला वहिनींचा फोन आला होता. "काका, ताप आलाय. शंभर." आवाजात काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. मी म्हणालो, पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या. दुसरं वाक्य जिभेवर आलं होतं, ते गिळलं. रविवारी अनंत चतुर्दशी. त्या वर्षीही मिलच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, निघाल्या नव्हत्या, रस्ता सुनाच होता. घरचा गणपती विसर्जन करून आलो, आणि तरी लक्ष फोनकडे.

सोमवारी, तिसऱ्या दिवशी, सकाळी सातला मीच फोन लावला.

"उतरला काका, काल दुपारीच. मी निघालेय, बाणगंगेला."

ऑफिसात गेल्यावर त्यांच्या रकान्यात लिहिलं: १८ आणि १९ सप्टेंबर, दोन दिवस, पाचशे रुपये. १९ ला रविवार होता. रविवारची रजा देता येत नाही, नियम माझाच आहे. ऑडिटरच्या अजून ते लक्षात आलेलं नाही.