तुम्ही विचारलंत म्हणून : योजना असताना मागणी कशाची?

‘महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, आयुष्मान भारतचे पाच लाखांचे संरक्षण आहे; मग ऊसतोड मजुरांसाठी तुम्ही आणखी काय मागता?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि तो रास्त आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने सुरू झालेली फुले योजना पुढे राज्यभर पोहोचली आणि एरवी जमीन गहाण टाकावी लागली असती अशा शस्त्रक्रिया तिने गरिबांच्या आवाक्यात आणल्या. तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. मात्र तिचे संरक्षण मुख्यतः रुग्ण दाखल झाल्यावर सुरू होते, आणि ऊस तोडणाऱ्या बाईचे दुखणे त्याच्या कितीतरी आधी, उसाच्या फडातच सुरू झालेले असते.

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून जोडपी निघतात, ती कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या हद्दीत कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) टाकून पाच-सहा महिने राहतात. नवरा-बायको मिळून हिशेबात ‘एक कोयता’ धरला जातो आणि मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) दोघांच्या कष्टातून फिटते. म्हणूनच पाळीच्या दिवसांत किंवा तापातही बाईला खाडा परवडत नाही. कामावर न गेल्यास मजुरी बुडते आणि वर दंडही बसतो. संडास नाही, धुवायला पुरेसे पाणी नाही, मोळ्या डोक्यावरून वाहायच्या. अशा स्थितीत अंगावरून पांढरे जाऊ लागले, तर वेळेवर तपासणी आणि साध्या गोळ्या बहुधा पुरेशा ठरतात. पण त्यासाठी दाखल व्हावे लागत नाही, म्हणून योजना कामी येत नाही, आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात जायचे तर दिवस मोडतो. मग दुखणे गावी परतेपर्यंत अंगावर काढले जाते, आणि तिथे एखादा खासगी डॉक्टर कर्करोगाची भीती घालून पिशवीच काढून टाकायला सांगतो.

२०१९ मध्ये या प्रकारांचा गवगवा झाल्यावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे दर सहा जणींमागे जवळजवळ एक. खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली, हे योग्यच झाले. परंतु फडाजवळ उपचार का मिळाले नाहीत, या प्रश्नाला ती परवानगी हात लावत नाही.

त्याचे उत्तर हिशेबाच्या पद्धतीत आहे. सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष गावात नोंदलेल्या माणसांवर चालतो. हंगामात बीडमधल्या आशाताईच्या वहीत ही बाई असते, पण गावात नसते. सांगलीतल्या गावात ती असते, पण वहीत नसते. गरोदरपणाची तपासणी आणि बाळाच्या लसी याच फटीत राहून जातात. कामगार म्हणूनही तिला आसरा नाही. १९४८च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने साखरेचे उत्पादन नाव घेऊन हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत घातले आणि असे कारखाने कायद्याबाहेर ठेवले. शिवाय कागदोपत्री ही बाई कारखान्याची नसून मुकादमाची माणूस. (साखर मात्र कारखान्याची असते.)

म्हणून मी नवे कार्ड मागत नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये आणि तितकेच राज्य सरकारने द्यायचे ठरले आहे. त्यातून हंगामभर प्रत्येक कारखान्याच्या हद्दीत, संध्याकाळी वस्तीवर येणारे फिरते पथक असावे, ज्यात परिचारिका आणि महिला डॉक्टर असतील. निघणाऱ्या जिल्ह्याने मजुरांची नोंद पोहोचणाऱ्या जिल्ह्याकडे पाठवावी आणि तिथल्या उपकेंद्राचा औषधसाठा त्या आकड्यावर ठरावा. आजारपणाच्या दिवसाचा दंड रद्द व्हावा, आणि त्याची जबाबदारी मुकादमावर न ढकलता कारखान्यावर टाकावी. कारण गाळप परवाना कारखान्याला मिळतो, आणि तो देताना सरकारला अट घालता येते.