सरांनी शिकवलेला थाट

सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण हाती पडलं आणि कोल्हापुरातल्या आमच्या शाळेवर लिहायचं म्हटल्यावर मराठीच्या सरांशिवाय दुसरं काही सुचेना. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

नववी 'ब'चा वर्ग, दसऱ्याची सुट्टी नुकतीच संपलेली. एका मित्रानं निबंधात लिहिलं होतं, 'दसरा चौकात शाही दसरा मोठ्या डामडौलात पार पडला.' सरांनी वहीवर लाल रेघ मारली नाही. 'डामडौल' फळ्यावर लिहून विचारलं, "हा शब्द तुमच्या घरात कोण बोलतं?"

मागच्या बाकावरून आवाज आला, "आज्जी, सर. नुसता डामडौल, घरात दाणा न्हाई, असं म्हणती."

"शाब्बास! म्हणजे वरून झगमग, आत पोकळ. आता सांगा, अंबाबाईची पालखी येते, भवानीची येते, छत्रपती मेबॅक मोटारीतून उतरतात, आपट्याचं सोनं लुटायला अख्खं गाव धावतं. हे पोकळ आहे?"

"न्हाई, सर!"

"मग त्याला थाट म्हणा."

त्या दिवशी धडा राहिलाच. संसार थाटतात, दुकान थाटतात. थाटात आधी मांडणी लागते. बडेजाव माणूस स्वतःचा मिरवतो. भपका अत्तराचा येतो तसा गटारीचाही येतो. खासबागेत पैलवान उतरतो तो दिमाखात. सर बोलत होते आणि आमच्या घरातलेच शब्द आम्हाला नव्यानं ऐकू येत होते.

मग म्हणाले, "दसरा चौकात उभं राहून जरा भोवती बघा. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग. शाहू महाराजांनी पोरांच्या राहण्याची सोय लावली, १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. असला राजा हत्तीवरून निघाला तरी त्याला डामडौल म्हणवत नाही."

आज माझा मंडप-डेकोरेशनचा व्यवसाय आहे. पार गडहिंग्लजपर्यंत कामं असतात, हाताखाली गावाकडची बरीच पोरं आहेत, याचा मला अभिमान आहे. पण हल्लीची लग्नं बघून जीव तुटतो. एलईडीची भिंत, धुराची यंत्रं, छातीत धडधडणारा डॉल्बी, आणि पंगतीत आग्रह करायला घरचं एक माणूस नाही. पत्रिकेवर मात्र 'थाटामाटात' छापलेलं असतंय! कर्ज काढून कमान मागायला मुलीचा बाप आला की मी स्पष्ट सांगतो, "मामा, कमान लहान करू, जेवण पोटभर घाला." धंद्यात चार पैसे कमी मिळतात, मिळू देत.

सरांकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. मुलांच्या तोंडून ऐकलेले शब्द, कुणाच्या घरी कसे बोलतात यासकट, ते तीत टिपून ठेवायचे. आज्जीचं ते वाक्य त्यांनी आमच्यासमोरच उतरवून घेतलं होतं. सर आता नाहीत. समितीनं त्यांच्या घरी चौकशी करावी आणि वही मिळाली तर महोत्सवातच छापावी. छपाईचा सगळा खर्च माझ्याकडे.