फ्रीस्टाइल स्कीइंगची भाषा, पडत पडत शिकलेली

पहिल्यांदा टेरेन पार्कमध्ये (स्कीवर उड्या-कसरती करायला बनवलेली बर्फाची जागा) गेले तेव्हा लोक काय बोलतायत तेच कळेना, कोणी म्हणतंय स्विच ये, कोणी ओरडतंय नकलवर पडू नको! तर स्विच म्हणजे उलटं, पाठ पुढे करून घसरत येणं आणि त्यासाठीच ट्विन टिप स्की लागते, जिची दोन्ही टोकं वर वळलेली असतात. १९९८ च्या आसपास सॉलोमन कंपनीची टेनएटी नावाची ट्विन टिप स्की आली आणि हे प्रकरण गाजलं, नावातलं १०८० (टेन-एटी) अंश म्हणजे हवेत ३ पूर्ण गिरक्या (माझी अजून अर्धीच होते).

किकर म्हणजे उडी घ्यायचा बर्फाचा चढ. त्यापुढची सपाटी संपून लँडिंगचा उतार सुरू होतो ना, तो कोपरा म्हणजे नकल, वेग कमी पडला की नेमकं तिथेच आदळायचं आणि मग गुडघे बोंबलतात. रेल (धातूचा दांडा) किंवा बॉक्स (लांबट सपाट पेटी) यांच्यावरून घसरणं ते जिबिंग, सुरुवात बॉक्सवरच करा, तो रुंद असतो.

बाइंडिंगचा (बूट स्कीला धरून ठेवणारा खटका) डिन आकडा म्हणजे किती जोर लागल्यावर बूट सुटेल ते, दुसऱ्याचं बघून वाढवू नका हां, तो वजन, उंची, वय बघून ठरतो.

आणि माझा लाडका शब्द, यार्ड सेल! असं पडायचं की स्की एकीकडे, पोल दुसरीकडे, गॉगल कुठे ते देव जाणे.