सुरुंग आणि मोहरी

३० सप्टेंबर, औसा तालुका

आज पुतण्यासोबत किल्लारीच्या स्मारकावर जाऊन आलो. १९९३ साली गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली, तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. दगडमातीच्या ढिगाऱ्यातून माझ्या आत्याला ज्यांनी बाहेर काढले ते सैनिक होते. पावसात, नाकाला रुमाल बांधून ते दिवसच्या दिवस ढिगारे उपसत होते, आणि आपणही हेच काम करायचे, असे मी त्याच वेळी ठरवून टाकले. १९९६ मध्ये भरती झालो, खडकीला प्रशिक्षण घेतले आणि सॅपर, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातला जवान, म्हणून सतरा वर्षे नोकरी केली.

डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला, पाकिस्तानच्या सीमेवर सैन्य जमवण्याचे ऑपरेशन पराक्रम सुरू झाले आणि आम्हाला राजस्थानातल्या श्रीगंगानगरच्या सीमेवर पाठवण्यात आले. तिथे कालव्याच्या पाण्यावर वाढलेली मोहरी ऐन फुलावर आली होती आणि त्या उभ्या पिकात आम्ही सुरुंग पेरले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने हात जोडून एवढेच विचारले, की काढणीपुरते तरी आत जाऊ द्याल का. माझे वडील त्याच दिवसांत गावी दोन एकर ज्वारी राखत माळ्यावर बसलेले असणार, हे मनात आले आणि मी मान खाली घातली. हुकूम हुकूम असतो, हे तेव्हा मला मनापासून पटत होते.

युद्ध झाले नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये सैन्य मागे घेण्याचा निर्णय झाला आणि पेरलेले सुरुंग उचलण्याचे काम पुढे कितीतरी महिने चालले. ओल्या जमिनीत एक सुरुंग नकाशातल्या जागेवरून सरकला होता, त्यावर माझ्या जोडीदाराचा पाय पडला आणि तो गुडघ्याखाली तुटला. चौकशीत त्याचाच हलगर्जीपणा नोंदवण्यात आला. सुरुंग सरकला होता हे मला ठाऊक असूनही समोर ठेवलेल्या जबाबावर मी सही केली. देशावरचा माझा जीव कमी झाला नाही, पण त्या सहीनंतर वर्दी अंगावर चढवताना मला पूर्वीसारखे कधीच वाटले नाही, आणि पुढची दहा वर्षे मी केवळ पेन्शनचे दिवस मोजत काढली.

पुतण्या अग्निवीर भरतीची तयारी करतो आहे. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चौघांपैकी फार तर एकाला पुढे ठेवतात, आणि पेन्शन बाकीच्या तिघांना नाही, हे सारे त्याला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. सोयाबीनच्या भावावर घर चालत नाही, त्यामुळे जाऊ नकोस असे मी कोणत्या तोंडाने सांगणार? रोज पहाटे मीच घड्याळ घेऊन त्याची सोळाशे मीटरची धाव मोजतो.

परतताना गाडीवर त्याने विचारले, "काका, तुम्ही तिकडं नेमकं काय काम करायचात?"

"सुरुंग काढायचो," मी म्हणालो.

ते पेरले कोणी, हे त्याने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.