तुम्ही विचारलंत म्हणून: अंधशाळेला नेमकं काय द्यावं?

"आईचं वर्षश्राद्ध आहे. अंधशाळेतल्या लेकरांना एक पंगत द्यावी म्हणतोय, चालेल ना?" परभणीहून विचारा की लातूरहून, प्रश्न हाच असतो. पंगत चालते, लेकरं आवडीनं जेवतात. पण पितृपक्षात आणि १५ ऑगस्टला पंगतींवर पंगती येतात आणि शाळा सुरू होताना लागणाऱ्या ब्रेल कागदाला दाता मिळत नाही. म्हणून तुम्ही विचारलंत तर सांगतो: जे संपतं, झिजतं, हरवतं ते द्या.

साध्या वहीच्या कागदावर टोचलेला ठिपका दोनदा बोट फिरलं की बसतो. ब्रेलला १२० ते १४० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) जाड कागदच लागतो. छापील एका पानाची ब्रेलमध्ये दोन-तीन पानं होतात. शिवाय ब्रेल लिहायच्या पाटीवर उजवीकडून डावीकडे, उलटं टोचायचं आणि कागद पालटून डावीकडून वाचायचं असतं. हा उलटसुलट हिशेब बोटांत बसेपर्यंत पहिल्या वर्षी कागद भरपूर जातो. सरावापुरती जुन्या कॅलेंडरची जाड पानंही चालतात. जानेवारीत गल्लीतून गोळा करा, फक्त घड्या घालू नका. कागदाचा गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये बांधून द्या, कारण पावसाळ्यात तो सादळला की ठिपका मऊ पडतो. ब्रेल पुस्तकं देणार असाल तर सोबत कपाट द्या. पुस्तकं उभी ठेवावी लागतात. एकावर एक रचली की खालच्या पुस्तकातले ठिपके चेपतात.

गणिताच्या टेलर फ्रेमचंही तसंच. अष्टकोनी भोकांची ही पाटी वर्षानुवर्षं टिकते. हरवतात ते त्यात बसवायचे धातूचे टाइप. टाइपाच्या एका टोकाला उभी कड असते, दुसऱ्या टोकाला दोन बारीक उंचवटे. आठ दिशा आणि दोन टोकं मिळून सोळा खुणा होतात. त्यातूनच अंक आणि चिन्हं बनतात. टाइप कमी पडले की भागाकार अर्ध्यात थांबतो. नवी फ्रेम देण्याआधी गुरुजींना विचारा, सुटे टाइप किती हवेत.

पांढऱ्या काठ्या एकाच मापाच्या पन्नास घेऊन वाटणं ही नेहमीची चूक. काठी जमिनीपासून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत यावी. आखूड असली तर खड्डा कळेपर्यंत पाय त्यात गेलेला असतो. वाढत्या वयाच्या लेकराचं माप दरवर्षी घ्यावं लागतं. घडीच्या काठीत आतून इलॅस्टिकची दोरी असते. ती सैल झाली की सांधे निसटतात. आपल्याकडच्या खडी-मुरमाच्या रस्त्यावर टोकाची नायलॉनची टोपी लवकर झिजते, मग ॲल्युमिनिअमची नळीच दगडात अडकते. त्यामुळे दहा काठ्यांसोबत निदान वीस टोप्या आणि थोडी जादा दोरी द्या. आणि शिकवणाऱ्याचं मानधन! उजवा पाय पुढे पडताना काठी डावीकडे टेकली पाहिजे, खांद्यापेक्षा थोडी रुंद फिरली पाहिजे. हे कुणी हात धरून शिकवलं नाही तर काठी कोपऱ्यात उभी राहते.

सगळ्यात दुर्लक्षित लेकरं म्हणजे थोडं दिसणारी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टी हा अंधत्वाहून वेगळा प्रकार आहे. चांगल्या डोळ्याला चष्मा लावूनही नजर ६/१८ पेक्षा कमी (६/१८ म्हणजे निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं), पण ३/६० पर्यंत, असा त्याचा एक निकष आहे. यातली पुष्कळ मुलं छापील अक्षर वाचू शकतात, तरी त्यांच्या हाती सरसकट ब्रेल दिलं जातं, किंवा गावच्या शाळेत 'ढ' म्हणून मागं बसवलं जातं. त्यांना आधी जालन्याच्या गणपती नेत्रालयात किंवा उदगीरच्या लायन्स नेत्र रुग्णालयात दाखवा. त्या दिवसाचं गाडीभाडं आणि आईचा बुडालेला रोज, हेही दानच आहे. तपासणीनंतर सांगितलेलं भिंगच घ्या. अंदाजानं आणलेलं भिंग पेटीतच पडतं. बाकी सामान स्वस्त आहे: काळ्या शाईचे जाड पेन, ठळक रेघांच्या वह्या, पुस्तक डोळ्यांजवळ धरणारं उतरतं स्टँड, १८ पॉइंटच्या अक्षरातल्या झेरॉक्स. काळ्या कार्डशीटमध्ये एका ओळीएवढी खाच कापा. ती पानावर ठेवली की आजूबाजूचा पांढरा झगमगाट झाकतो आणि एकच ओळ समोर राहते. ज्यांना ऊन सोसत नाही त्यांना रुंद काठाची टोपी द्या; मार्च ते मे ती भिंगाइतकीच गरजेची असते.

जुने चष्मे मात्र गोळा करू नका. दोन्ही डोळ्यांचे नंबर दुसऱ्याला तंतोतंत जुळणं अवघड असतं. जुना स्मार्टफोन चालेल, तडा गेलेला नको. काचेवर सतत बोट फिरतं. देण्याआधी त्यातलं आपलं गूगल खातं काढा, मगच रिसेट मारा. नाहीतर तो तुमचा पासवर्ड मागत बसतो आणि फोन वाया जातो. टॉकबॅक (पडद्यावरचं बोलून दाखवणारी फोनमधली सोय) सुरू करून, मराठी आवाज घालून, इअरफोनसह द्या.

पैसे देणार असाल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि मागच्या वर्षीचा ऑडिट पाहा. देणगीवरची आयकर सवलत (८०जी म्हणून ओळखली जाणारी) जुन्या करपद्धतीतच मिळते. २,००० रुपयांच्या वरची रोकड आणि वस्तुरूप दान तिच्यात बसत नाही. पैसे "कागद आणि दुरुस्तीसाठी" असं लिहून द्या आणि भिंतीवर नावाची पाटी मागू नका.

घरात नेत्रदानाची इच्छा असेल तर नुसता फॉर्म भरून भागत नाही, त्या वेळी घरच्यांनी संमती द्यावी लागते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तेवढाही वेळ घालवू नका. लगेच नेत्रपेढीला फोन करा. पापण्या मिटवा, त्यावर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, मधुमेह किंवा चष्मा असला तरी चालतं. या दानाचा उपयोग बुबुळाच्या पारदर्शक पडद्याच्या अंधत्वालाच होतो. पंगतीला बसलेल्या त्या लेकराचा दोष मागच्या पडद्यात किंवा नसेत असेल तर त्याला होत नाही. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला तयार ठेवा, साक्षीला दोन नातेवाईक थांबवा. बाकीचं काम अर्ध्या तासात उरकतं आणि अंत्ययात्रा ठरल्या वेळेला निघू शकते.