साडेबाराचा फोन

आमची मेस नागपूरच्या हनुमान नगरात आहे, मेडिकल चौकापासून जवळच. साठ डबे जातात आणि वीस-पंचवीस मुलं बसून जेवतात. दुपारी बारा ते दीड माझ्याशी घरातलेही बोलायला येत नाहीत. एका शेगडीवर वरण, दुसरीवर तवा आणि डबे नेणारा मुलगा दारात उभा. ऑगस्ट 2024 मधल्या एका मंगळवारी तो फोन आला, नेमका साडेबाराला. ती वेळ हेरून निवडली होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

माणूस हिंदीत बोलत होता. आवाज शांत, अगदी साहेबी. ‘फूड सेफ्टी, दिल्ली ऑफिस’ म्हणाला. माझं नाव, मेसचं नाव, पत्ता आणि मग आमचा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी नंबर त्याने घडाघडा वाचून दाखवला. तिथेच माझा धीर सुटला. हा नंबर आमच्याच बिलावर छापलेला असतो, भिंतीवरच्या सर्टिफिकेटवरही आहे, हे त्या क्षणी सुचलंच नाही. पुढे म्हणाला, नव्या नियमाने प्रत्येक मेसला फॉस्टॅक ट्रेनिंग आणि हायजिन रेटिंग सक्तीचं झालंय, तुमच्या लायसन्सवर दोन्ही दिसत नाही, आज शेवटची तारीख आहे. उद्या पथक येऊन किचन सील करेल, दंड पाच लाख.

फॉस्टॅक, म्हणजे खाद्यपदार्थ हाताळणाऱ्यांसाठीचं सरकारी ट्रेनिंग, खरंच आहे. हायजिन रेटिंगही आहे. दोन्ही नावं माझ्या कानावरून गेलेली होती, म्हणूनच मला ते खरं वाटलं. सगळंच खोटं असतं तर मी फोन ठेवला असता.

फी 2,500 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 2,950. हिशेब रुपयाला बरोबर, आणि तेवढ्यावर माझा विश्वास बसला. हात पदराला पुसून मी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला क्यूआर उघडला. पैसे कोणाला जाणार ते नाव वर आलं, कुठल्याशा ‘एंटरप्रायझेस’चं. स्क्रीनवर कणकेचा ठिपका पडला होता. तो अंगठ्याने पुसला, नाव वाचलं, आणि तरी पिन टाकला. ते नाव आजही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मग 15,000 अनामत, ‘तपासणी झाली की त्याच खात्यात परत’. तेही गेले. तिसऱ्यांदा त्याने एक फाइल पाठवली, हे अ‍ॅप टाका म्हणाला. तेवढ्यात जेवत बसलेला एक विद्यार्थी उष्ट्या हाताने उठून आला. ‘काकू, कोणाले पैसे टाकून राहिल्या?’ त्याने फाइल उघडू दिली नाही, फोन कापला आणि तिथूनच 1930 लावला.

1930 ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. तीनदा लागली नाही, चौथ्यांदा लागली तेव्हा एक दहा झाले होते. मला रडू आवरत नव्हतं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, ‘ताई, आधी आकडे सांगा.’ बँक, खाते नंबर, किती वाजता किती गेले, आणि प्रत्येक व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहार ओळखायचा नंबर. तो यूपीआय अ‍ॅपच्या हिस्टरीत मिळतो, मला तो शोधायलाच पाच मिनिटं लागली. आपले पैसे या खात्यातून त्या खात्यात पळत असतात, आणि ज्या खात्यात सापडतील तिथे बँकेला ते गोठवायला सांगतात. म्हणून एकेक मिनिट मोलाचं. तक्रार नंबर मेसेजने आला. त्या दिवशी पोळ्या बाहेरून आणल्या.

बँकेत दुसऱ्या दिवशी सांगितलं, पिन तुम्हीच टाकला, आमची जबाबदारी नाही. वाईट वाटलं, पण लेखी अर्ज देऊन पोच घेतली. सायबर पोलिसांकडे स्टेटमेंट, स्क्रीनशॉट आणि कॉलची नोंद दिली.

सासूबाई म्हणाल्या, खऱ्या ऑफिसात जाऊन विचार तरी. अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात गेले तेव्हा मला उलट भीती वाटत होती, की आपलंच काहीतरी निघेल. तिथल्या साहेबांनी माझं सर्टिफिकेट हातात घेऊन पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं. तो 2 होता. 2 म्हणजे नोंदणी, 1 म्हणजे परवाना. तेव्हा वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या आमच्यासारख्यांना नोंदणी होती, फी वर्षाला 100 रुपये, आणि तीही फॉस्कॉस या एफएसएसएआयच्या पोर्टलवरच भरायची. ट्रेनिंग घेतलेला माणूस ठेवायची अट परवानेवाल्यांना, 25 कामगारांमागे एक. आमच्याकडे कामाला चौघी. हायजिन रेटिंग ऐच्छिक. आणि किचनमध्ये काही कमी असेल तर 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 32 प्रमाणे सुधारणेची नोटीस लेखी येते, तीत किमान 14 दिवस द्यावे लागतात. फोनवर ‘आज शेवटची तारीख’ असं काही नसतंच. चार वर्षं ते सर्टिफिकेट कॅलेंडरमागे लटकत होतं. मी ते एकदाही वाचलं नव्हतं, एजंटने आणून दिलं तसं खिळ्याला अडकवलं होतं.

17,950 पैकी 9,400 एका खात्यात अडवले गेले होते. ते आपोआप परत आले नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली कोर्टात अर्ज करावा लागला, पोलिसांचा अहवाल आला, मग आदेश निघाला. यात सात महिने गेले. उरलेले 8,550 गेले ते गेलेच. एका महिन्याचा किराणाही नाही म्हणतील कोणी, पण त्यात दोघींचे पगार बसले असते.

मध्यंतरी चौकातले पोहेवाले दादा चालू फोन हातात धरूनच धावत आले. तीच फी, तोच जीएसटी. मी फोन घेतला आणि म्हटलं, नोटीस लेखी पाठवा, कलम लिहा आणि नागपूरच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांचं नाव सांगा. फोन कट झाला. तो नंबर आम्ही संचार साथी या दूरसंचार खात्याच्या पोर्टलवर, संशयित फोन कळवायच्या ‘चक्षू’वर टाकला. दादांचा हात अजून थरथरत होता, म्हणून त्यांना पाणी दिलं आणि गाडीपर्यंत सोबत गेले. तर्री आटून खाली लागायला आली होती.