‘चांदोबा’मागचे संपादक

पणजी, रविवार

चवथ तोंडावर आली म्हणून आज माळा आवरायला घेतला आणि वडिलांनी बांधून ठेवलेले ‘चांदोबा’ या मुलांच्या कथामासिकाचे वार्षिक खंड हाती लागले. दाभणाने भोके पाडून, सुतळी ओवून, खळ लावून त्यांनी स्वतः केलेली बांधणी अजून शाबूत आहे. गोव्याच्या दमट हवेत कागद मात्र तांबूस पडला आहे आणि एका खंडाच्या कडा कसरीने खाल्ल्या आहेत. आवराआवर अर्थातच तिथेच थांबली.

या कथा कोणाच्या हातून आपल्यापर्यंत येतात, असा प्रश्न लहानपणी कधी पडला नाही. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ साली मद्रासेत तेलुगू व तमिळ भाषांत सुरू केलेले हे मासिक १९५२ साली मराठीत आले आणि त्याच वर्षापासून १९८० साली निधन होईपर्यंत तेलुगू कथाकार कोडवटिगंटी कुटुंबराव यांनी त्याच्या संपादनाचा भार वाहिला, हे मला पुष्कळ उशिरा कळले. आलेली कथा ते आपल्या सरळ, पाल्हाळ नसलेल्या शैलीत नव्याने लिहून काढत. आज एका बैठकीत अर्धा खंड वाचताना लक्षात आले, की राजा, सावकार, राक्षस, चोर सगळे बदलतात, पण सांगणाऱ्याचा स्वर बदलत नाही.

विक्रम-वेताळाचेच पाहा. मूळ वेताळपंचविशीत कथा पंचवीस. मासिकाला तर दर महिन्याला एक हवी असे, तीही वर्षानुवर्षे. म्हणजे दर वेळी नवी गोष्ट घेऊन ती नेमक्या पेचापाशी आणायची, वेताळाला प्रश्न विचारायला लावायचे आणि राजाचे उत्तर दोन-चार वाक्यांत आटोपायचे. चित्रकार शंकर यांचे ते चित्र, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला राजा, सर्वांना आठवते. पेच आखणारा कोणाला आठवत नाही, आणि ही उपेक्षा मला खटकते.

आपल्याकडेही मुलांची मासिके काढणाऱ्या संपादकांची ही परंपरा जुनी आहे. विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ साली काढलेला ‘बालबोध’ जवळजवळ एकहाती लिहिला, वा. गो. आपट्यांनी १९०६ साली ‘आनंद’ सुरू केला. १९७१ साली निघालेला ‘किशोर’ आमच्या शाळेच्या कपाटात असे, पण त्या कपाटाची किल्ली गुरुजींकडे असल्यामुळे त्याच्याशी माझी सलगी थोडी कमीच झाली.

संध्याकाळी भाचीला एक वेताळकथा वाचून दाखवली. तिने लगेच विचारले, “मामा, राजाने सरळ ‘मला ठाऊक नाही’ असं का सांगू नये? डोकंही फुटणार नाही आणि प्रेतही पळणार नाही.” उत्तर ठाऊक असताना न सांगितल्यास डोक्याची शकले होतील, अशी अट आहे, असे मी म्हणालो, त्यावर ती म्हणाली, “मग एखादी गोष्ट त्याला खरंच न सुटण्यासारखी का नाही घातली?” हा आक्षेप कुटुंबरावांच्या टेबलावर जायला हवा होता.